खराब प्रत

६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुला आणि मामीला नमस्कार.

आज सकाळी आमच्या कंपनीची नवी यंत्रणा सुरू झाली. धरणावरच्या तुझ्या खोलीत तो राखाडी डबा बसवून गेले ना, तोही आजपासून तिच्यात आला. बटण दाबायचा मान आमच्या प्रमुख मोठ्या बाईंनी मला दिला. मी बोट इतका वेळ बटणावर अधांतरी धरलं की शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, "बटण आहे गं ते, विंचू नाही." सगळे हसले, मीही हसले. पण भीती अजून गेलेली नाही. धरणं, पूल, बोगदे, सगळ्यांचे आकडे आता आमच्याकडे. त्यातलं एखादं माझ्या हातून हरवलं तर कुणाला तोंड दाखवू?

तू विचारलं होतंस, मी दिवसभर करते तरी काय. ऐक. तुझं यंत्र धरणाच्या पायथ्याशी झिरपणारा पाझर मोजतं आणि त्या आकड्यांची एक फाइल बनते. आम्ही तिच्या तीन प्रती ठेवतो. एक तुझ्या डब्यात, दोन लांबच्या दोन शहरांत. एक जळली, बुडाली, तरी दोन राहतात.

आता नव्या सोयी. लाइन मंद असेल आणि आजची फाइल वेळेवर पोचली नाही, तर पूर्वी तुझ्या साहेबांच्या ऑफिसातला पडदा काळा पडायचा. आता तिकडच्या प्रती तोवर कालचा आकडा धरून ठेवतात. ही चष्मेवाल्याची करामत. दुसरी सोय माझी आहे, मामा! रोज रात्री तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एक वेगळं बोलायला लागली आणि दोघींचं एकमत असलं, तर त्या दोघींवरून तिसरीला दुरुस्त करायचं. चुकीची प्रत 'खराब प्रत' असा शिक्का मारून सात दिवस बाजूला ठेवायची, मग टाकून द्यायची. सात दिवसांचं बाईंनी ठरवलं, जागा वाचावी म्हणून.

हे लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. एकाचा तोल गेला तर दोघांनी सावरायचं, यापेक्षा चांगला नियम माणसांनाही सापडलेला नाही. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्या शिकण्याचा उपयोग तुझ्यासारख्यांचं ओझं हलकं करायला झाला पाहिजे, एवढंच मनात आहे.

गुडघा कसा आहे? तुझ्या खोलीतला फोन साहेबांच्या ऑफिसखेरीज कुठे लागत नाही आणि मोबाइलला तिथे रेंज नाही, म्हणून पत्रात सविस्तर लिही.

तुझी
टिल्ली


१५ नोव्हेंबर

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जीपवाल्यानं ते दोन दिवस गाडीच्या कप्प्यात विसरून ठेवलं होतं. मामीनं त्याला असं झापलं की आता तो रिकाम्या हातानंही घाबरत घाबरत येतो.

तुझी यंत्रणा झकास आहे. पूर्वी लाइन गेली की पडदा काळा आणि साहेब लाल. "झोपला होता का?" म्हणून फोनवर ओरडायचे. गेल्या आठवड्यात एकदाही ओरडले नाहीत. मला तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय. पाझर मिनिटाला बारा लिटर, रोज बारा. धरण काठोकाठ भरलेलं आहे, पण एकदम शहाण्या बाळासारखं वागतंय.

गुडघ्याचं म्हणशील तर तो माझ्यापेक्षा म्हातारा झालाय. माथ्यावरच्या खोलीतून पायथ्याच्या मोजणीच्या टाकीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा चढायचं, तेही दिवसातून दोनदा, म्हणजे त्याची परीक्षाच. पण चाललंय. तू काळजी करू नकोस. काळजी करायचा मक्ता तुझ्या मामीकडे आहे आणि ती तो कुणाला देत नाही.

ती विचारते, रात्री सगळे झोपलेले असताना तुझं ते यंत्र कुणाला विचारून दुरुस्ती करतं? मी म्हटलं, दोघांचं मत घेतं. तर म्हणाली, "आपल्या घरात दोघांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलं नाही."

ती भीती मनातून काढून टाक. नीट जेव.

तुझा
मामा


२४ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मामीला सांग, तिचं वाक्य मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, आणि त्यांचं हसू म्हणजे उंबराचं फूल.

आमच्या इथे भिंतीवर एक मोठा पडदा लावलाय. आदल्या रात्री किती प्रती दुरुस्त झाल्या तो आकडा त्यावर सकाळी झळकतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो. मामा, तुझ्या धरणावर रोज रात्री एक दुरुस्ती होते. न चुकता! चष्मेवाला म्हणतो, "तुझ्या मामाच्या डब्यात उंदीर शिरलाय." बाईंनी तर मला सर्वांसमोर शाबासकी दिली, की ही सोय नसती तर एवढे चुकीचे आकडे तसेच राहिले असते.

शाबासकी मिळाली त्या दिवशी मी आनंदात होते. दुसऱ्या दिवशी जेवताना एक प्रश्न पडला. एखादं यंत्र रोज चुकतं? अधूनमधून चुकेल, समजू शकते. पण रोज? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जुना डबा असेल, बदलून देऊ. तू फार विचार करतेस." करते खरी. लहानपणी गॅस बंद केलाय का, हे बघायला मी शाळेच्या अर्ध्या वाटेवरून परत यायचे, आठवतं ना?

म्हणून मनाच्या शांतीसाठी विचारते. तुझी लाइन मंद आहे का? आणि तू खाली टाकीपाशी जाऊन डोळ्यांनी पाहतोस तेव्हा पाणी किती दिसतं? यंत्र सांगतं तेवढंच ना?

लगेच लिही.

तुझी
टिल्ली


२ डिसेंबर

चि. टिल्लीस आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं देतो, म्हणजे पुन्हा अर्ध्या वाटेवरून परत येणार नाहीस.

लाइन मंद आहे का? बाई गं, गोगलगाय तिच्यापुढे घोडा वाटेल. सकाळी पाठवलेलं रात्र झाली तरी वाटेतच.

उंदीर नाही, पण यंत्र बरळतं हे खरं. संध्याकाळी माझ्या पडद्यावर काहीतरी भलतंच दिसतं. कधी तीस, कधी चाळीस. परवा तर पन्नासच्या वर गेलं होतं. पहिल्यांदा मी दचकलो, साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "माझ्याकडे बारा आहे. सकाळपर्यंत थांबा." सकाळी पाहतो तर माझ्याकडेही बारा! म्हणजे रात्रीतून तुझी यंत्रणा त्या वेड्याला शुद्धीवर आणते. आता मी संध्याकाळी तिकडे बघतच नाही. उगाच रक्तदाब कशाला वाढवायचा?

खाली जाण्याचं म्हणशील, तर तुझ्यापासून काय लपवायचं. तुझा डबा चालू झाल्यापासून मी उतरलेलो नाही. रोजच्या पाहणीची सही मात्र इथूनच ठोकतो. साहेबांना ठाऊक आहे. तेच म्हणाले, गुडघ्याला आराम द्या, यंत्र कशासाठी आहे? वरच्या ऑफिसातून त्यांना शाबासकी आली, सगळ्यांत स्थिर धरण म्हणून. इतकी वर्षं मी हा पाझर पाहतोय, असा एकसारखा आकडा कधी पाहिला नव्हता. तुझं शिक्षण कामाला आलं बघ.

इकडची खबर म्हणजे मामी चिडलेली आहे. धरणाखालच्या आपल्या क्वार्टरमागच्या चरातलं पाणी आठवडाभर गढूळ येतंय. पांढरी चादर धुतली ती चहात बुडवल्यासारखी निघाली. मी म्हटलं, वर कुणाची तरी म्हैस पाण्यात बसली असेल. तर म्हणते, "म्हैस आठवडाभर बसते का? ती काय तुमच्यासारखी सरकारी नोकरीत आहे?" अंगणही दलदलीसारखं झालंय. काल दुपारी खाटेचा एक पाय विटेएवढा आत गेला आणि मी झोपेतच घसरलो. तिला तेवढंच हसायला निमित्त.

बाकी क्षेम.

तुझा
मामा


७ डिसेंबर

मामा,

हे पत्र हातात पडल्यावर उभ्याउभ्याच वाच. मामीला घेऊन क्वार्टर सोड. सामान घेत बसू नकोस. शेजारच्या तिन्ही घरांनाही उठव आणि सगळे माथ्यावर तुझ्या खोलीत जा, ती मातीवर नाही, बाजूच्या खडकावर आहे. हे आधी कर. खालचं मग वाच.

यंत्र बरळत नव्हतं. यंत्र खरं बोलत होतं. रोज रात्री मी त्याचं तोंड बंद करत होते.

तुझी लाइन मंद, म्हणून तुझी खरी फाइल पोचत नाही. तोवर तिकडच्या दोन्ही प्रती कालचा आकडा धरून बसतात, बारा. रात्री ताळा पाहिला जातो. दोघी म्हणतात बारा, तुझ्याकडची एकटी म्हणते चाळीस. दोन विरुद्ध एक. मग माझा नियम तुझ्या खऱ्या आकड्याला खोटं ठरवून त्याच्या जागी बारा लिहितो आणि वाटेत असलेली फाइलही रद्द करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन भावंडं आहेत असं समज. दोघांनी घरात बसून कालचंच उत्तर पाठ केलंय. तिसरा बाहेर जाऊन आग बघून आलाय. आणि मी त्या तिसऱ्याला थोबाडीत मारून दोघांसारखं बोलायला लावलं. चष्मेवाल्याची सोय आम्ही वेगळी तपासली, माझी वेगळी. दोन्ही चोख होत्या. दोन्ही एकत्र एका मंद लाइनवर चालवून बघावं, हे एकालाही सुचलं नाही.

तुझं पत्र वाचून मी बाजूला ठेवलेल्या खराब प्रती उघडल्या. गेल्या सात दिवसांच्याच उरल्या होत्या. त्याआधीच्या आम्ही टाकून दिल्या. त्यात तुझा पाझर रोज चढतोय. सातवा आकडा एकाहत्तर आहे. आणि तुझ्या पत्रात ते गढूळ पाणी. मी तुझ्याकडे, धरणाच्या पायथ्याशी लहानाची मोठी झाले, मामा. तूच शिकवलंस, पाझर स्वच्छ आहे तोवर धरण फक्त घाम गाळतंय. गढूळ झाला म्हणजे आतली माती वाहून चाललीय.

साहेबांना फोन केला. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"साहेब, पाणी सोडायला सुरुवात करा."

"कोण बोलतंय? आमच्या पडद्यावर बारा आहे, हिरवं."

"खरे आकडे माझ्याजवळ आहेत. पाठवते."

पाठवले. त्यांनी पाच मिनिटांत उलट फोन केला. "मॅडम, प्रत्येकावर खराब प्रत असा शिक्का आहे. तुमच्याच कंपनीचा. खराब प्रतीवरून मी धरण रिकामं करू?"

शिक्का माझाच आहे, मामा. ते दोन शब्द मी निवडले होते. मी फोन ठेवला.

बाईंकडे गेले. त्या पांढऱ्याफटक पडल्या, म्हणजे त्यांना कळलं. पण म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. तोवर बाहेर एक अक्षर नाही, घबराट होईल." मी म्हटलं, घबराट व्हायलाच हवी. त्यावर त्यांनी यंत्रणेत शिरायचे माझे पासवर्ड काढून घेतले. आता मला ती यंत्रणा थांबवताही येत नाही. सात आकडे मात्र मी कागदावर उतरवून घेतले होते, ते जवळ आहेत.

मी स्वतः तुझ्याकडे धावत आले असते. पण पाणी सोडायचा हुकूम मुख्य अभियंत्यांकडून निघतो आणि ते या शहरात बसतात. उद्या ऑफिस उघडायच्या आधी मी त्यांच्या दारात असेन. हे पत्र संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते. तो फाट्यावर जीपवाल्याच्या हातात देईल. मी त्याला म्हटलं, माझी माणसं बुडतायत. त्यानं काही न विचारता पत्र खिशात ठेवून बटण लावलं.

आता जे लिहिते ते लिहिताना हात थांबतोय. अभियंते विचारतील, कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? त्यासाठी कुणीतरी खाली उतरायला हवं. ते करू शकणारा तिथे तू एकटाच आहेस. आणि सगळ्या जगात तू जिथे असू नयेस अशी जागा तीच एक आहे. मी तुला जा म्हणू शकत नाही. जाऊ नकोस असंही मला म्हणवत नाही, खालच्या गावात पोरं झोपलेली असतात. मला माफ कर. मला फार भीती वाटते.

टिल्ली


९ डिसेंबर

चि. टिल्ली,

आम्ही जिवंत आहोत. आधी हे वाच आणि श्वास घे.

जीपवाला काल भर दुपारी आला तो हॉर्न वाजवतच. पत्र उभ्याउभ्याच वाचलं. मामीला आणि शेजाऱ्यांना वर पिटाळलं. मामी जायला तयार नव्हती. मी उतरतोय म्हटल्यावर माझा सदरा धरून बसली. "आजवर सही वरूनच केलीत ना? मग आजही करा की!" असं म्हणाली आणि रडायला लागली. तिला जीपवाल्यानं उचलून गाडीत बसवलं.

मग मी टाकीकडे उतरलो, क्वार्टरच्याही खाली, पार तळाशी. काठी टेकत, एकेक पायरी बसून. तुला खोटं सांगत नाही, मी घाबरलो होतो. एवढा मोठा मातीचा डोंगर डोक्यावर आणि त्याच्या पलीकडे ते सगळं पाणी. इतकी वर्षं त्याच्या पायाशी निजलो आणि काल पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

मोजणीची टाकी दिसलीच नाही. ती पाण्याखाली गेली होती. तिच्याशेजारी जमिनीत एक भोक पडलंय, त्यात गाय मावेल. त्यातून पाणी भात उकळावा तसं वर येत होतं, आणि रंग विटकरी. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी झोपेत दात खावेत तसा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मी बाटली भरली आणि वर आलो. कसा आलो ते विचारू नकोस. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पण पडद्यावर तर..." मी नोकरीत पहिल्यांदा साहेबांचं बोलणं तोडलं. जीपवाला बाटली घेऊन गेला आणि थेट त्यांच्या टेबलावर ठेवून आला. तो सांगतो, साहेबांनी बाटली दोनदा हलवून खाली बसणारा गाळ पाहिला. तेवढ्यात तुझ्या अभियंत्यांचा फोन आला. तू त्यांच्या दारात बसली होतीस म्हणे, शिपायानं दोनदा उठवलं तरी. हुकूम सुटला. दिवे लागायच्या आत दरवाजे उघडले.

खालचं गाव रिकामं केलंय. सगळे टेकडीवरच्या शाळेत आहेत. मीही तिथूनच लिहितोय, फळ्याखाली बसून. पाणी उतरतंय, पण हळूहळू. एकदम सोडलं तर वरची माती ढासळेल म्हणतात. भोक मोठं होतंय की पाणी आधी उतरतंय, अशी शर्यत लागलीय. मामी माझ्याशी अजून बोललेली नाही, पण माझ्या गुडघ्याला तिनंच पट्टी बांधली.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मघाशी वर जाऊन आलो. पडद्यावर आज सकाळीही बारा आहे.

टिल्ले, आमच्यासारखी मंद लाइन अजून किती ठिकाणी आहे गं?

मामा


२० डिसेंबर

धरण निरीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तुमचं नाव मला माहीत नाही, फक्त तुमच्या धरणाचा पत्ता माहीत आहे. तुमच्याकडे राखाडी डबा बसवलेला आहे आणि तुमची लाइन मंद आहे. अशी एकोणीस ठिकाणं मला एकेक करून आठवली. प्रत्येक ठिकाणी मी हेच पत्र हातानं लिहून पाठवते आहे. माझी नोकरी गेली असल्यामुळे यापेक्षा जलद कळवायचा मार्ग माझ्याकडे नाही. मुख्य अभियंत्यांनी त्यांच्या हाताखालच्या धरणांना सावध केलं, पण तुमचं धरण त्यांच्याकडे येत नाही. माझ्या जुन्या कंपनीनं, मला माहीत आहे तोवर, अजून कुणालाही कळवलेलं नाही.

तुमच्या पडद्यावर पाझराचा आकडा बरेच दिवस स्थिर असेल. वरिष्ठांनी तुमचं कौतुकही केलं असेल. संध्याकाळी कधी आकडा वाढलेला दिसत असेल आणि सकाळी पुन्हा पहिल्यासारखा. तो सकाळचा आकडा खोटा आहे. संध्याकाळचा खरा आहे. हा खोटेपणा कुणी मुद्दाम केलेला नाही, पण ज्या नियमानं तो होतो तो मी लिहिला आहे. म्हणून ही भीती तुमच्या दारात आणून ठेवायची जबाबदारीही माझीच आहे.

माझ्या मामाचं धरण आज उभं आहे. पाणी निम्म्याच्या खाली आलं आहे आणि भोकात दगड भरत आहेत. त्याच्या बाबतीत कळलं, कारण त्यानं मला गढूळ पाण्यात धुतलेल्या चादरीबद्दल लिहिलं. तुम्हाला तसं लिहायला कुणी नसेल.

मी सांगितलेलं खरं मानू नका. पडद्याचंही मानू नका. दिवसाउजेडी, घरच्यांना आधी उंचावर पाठवून, एखादा सोबती बरोबर घेऊन खाली उतरा आणि पाझर ओंजळीत घेऊन बघा.

सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. त्यात एकच शब्द लिहून पाठवा. स्वच्छ, किंवा गढूळ. गढूळ असेल तर उत्तर लिहायला थांबू नका.

आधी लिहिलेल्या पत्रांची चार पाकिटं आजपर्यंत परत आली आहेत. धीर होत नव्हता, म्हणून चारही न उघडता टेबलावर तशीच ठेवली आहेत. आता उघडते.

आपली
एक अनोळखी